मेन लाइन आधी!

गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीची जनरल बॉडी झाली. विषय एकच, पुनर्विकास. आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, चार मजली, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्यात छत्री उघडावी लागते. तीन तास भांडाभांडी झाल्यावर एवढं ठरलं की साधारण दोन वर्षांत सगळ्यांनी घरं रिकामी करायची. (चहा आणि सामोसे मात्र एकमताने मंजूर झाले.)

त्याच रात्री पावणेबाराला मी दादाच्या खोलीत गुडघ्यावर बसून प्लायला कॉर्कची पट्टी चिकटवत होतो. बाबा पाणी प्यायला उठले होते, दारात थांबले. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, पाडणार आहेत ना बिल्डिंग? मग हे कोणासाठी चाललंय?"

प्रश्न रास्त होता. त्या वेळी मी "हो, हो, झोपतोच आता" असं काहीतरी पुटपुटलो. पण आठवडाभर तो डोक्यात फिरतोय, म्हणून हा विकांत लिहिण्यात घालवतोय.

आधी नवीन वाचकांसाठी थोडक्यात. दादा लग्नानंतर परदेशी गेला आणि त्याची दहा बाय बाराची खोली रिकामी राहिली. आईच्या मनात तिथे देवघर, बाबांच्या मनात पाहुण्यांची खोली आणि माझ्या मनात रेल्वे. २०२३ च्या सुरुवातीला मी कामाला लागलो. भिंतींच्या कडेने छातीच्या उंचीवर दीड-दोन फूट रुंद फळी, दारापाशी काढता-घालता येणारा तुकडा आणि त्यावर अप-डाऊन अशी दुहेरी मेन लाइन. स्केल एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७. दर वेळी बघायला येणारे मित्र एकच विचारतात, "गाडी कुठाय?" गाडी खोक्यात आहे. गेली दोन वर्षं मी फक्त रूळ टाकतोय.

तर माझं म्हणणं असं, आणि त्यावर तुम्ही मला शिव्या घालू शकता, की घरी मोठी रेल्वे करायची असेल तर निम्म्याहून जास्त वेळ मेन लाइनच्या रुळांवर जायला हवा. स्टेशन, पूल, झाडं, दिवे, वडापावची गाडी हे सगळं नंतर. इतकं नंतर की बघणाऱ्याला कंटाळा यावा.

हे शहाणपण मी पोटातून घेऊन आलेलो नाही. शाळेत असताना आम्हाला पुण्याला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघायला नेलं होतं. कर्वे रस्त्यावर आहे, भाऊ जोशी यांनी उभारलेलं, १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. अनेकांनी पाहिलं असेल. ते सुद्धा १:८७. तेव्हा मला काय आठवत राहिलं? खोलीतला उजेड मंद झाला आणि इवल्याशा घरांतले दिवे लागले, ते. घरी आल्यावर कितीतरी दिवस मी खोक्यांची घरं करून आत टॉर्च ठेवत होतो. मग २०२३ मध्ये, माझं पहिलं बांधकाम फसल्यावर, पुन्हा गेलो. या वेळी दिवे लागले तेव्हा मी रुळांकडे बघत होतो. गाडी सांध्यावरून जाताना हलते का, वळणात शिरताना डबा झोका घेतो का. शेजारी एक लहान मुलगा टाचा उंचावून दिव्यांकडे बोट दाखवत होता आणि मी वाकून दोन रुळांच्या जोडाकडे! सांगायचा मुद्दा हा की रूळ नीट असले की ते कुणाच्याच लक्षात येत नाहीत. लक्षात येतात ते बिघडल्यावर.

माझे बिघडले होते. सविस्तर सांगतो, कारण यातच सगळी गंमत आहे.

पहिल्यांदा रूळ टाकले तेव्हा मी एक इंग्रजी पुस्तक प्रमाण मानलं होतं. त्यात एचओच्या दोन समांतर मार्गांसाठी मध्यापासून मध्यापर्यंत २ इंच, म्हणजे ५० मिलिमीटर अंतर सांगितलेलं. मी आखलं, चिकटवलं, खूश झालो. मग पुठ्ठ्याची एक लोकल केली. आता आपली मुंबईची लोकल ही काय चीज आहे ते लक्षात घ्या. डबा १२ फूट रुंद, म्हणजे ३.६६ मीटर. सत्त्याऐंशीने भागलं की ४२ मिलिमीटर. परदेशातले डबे एवढे रुंद नसतात. सरळ मार्गावर दोन लोकल शेजारी उभ्या केल्या तर मध्ये ८ मिलिमीटर उरतात, म्हणजे चालून जातं. पण वळणावर? डबा साधारण २४ सेंटिमीटर लांब. वळणावर त्याचं पोट आतल्या बाजूला येतं आणि कोपरे बाहेर जातात. माझ्या वळणाची त्रिज्या ६० सेंटिमीटर. हिशोब केला तर पोट सहा मिलिमीटर आत आणि कोपरे सहा मिलिमीटर बाहेर. आठ मिलिमीटरच्या फटीत बारा मिलिमीटर कसे मावणार? नाहीच मावले. अप लोकलने डाऊन लोकलला खरवडून काढलं, तेही दादा व्हिडिओ कॉलवर बघत असताना. :-)

हा हिशोब आठवी-नववीच्या भूमितीचा आहे, दहा मिनिटांचं काम. मी इंजिनीयर, आणि मी तो केला नव्हता. कारण मला गाडी चालवून बघायची घाई होती. आता माझं अंतर ६५ मिलिमीटर आहे.

दुसरं प्रकरण पावसाचं. पहिली फळी मी स्वस्तातल्या प्लायची केली आणि खाली पॅकिंगच्या लाकडाची चौकट. फेब्रुवारीत काम केलं, रूळ टोकाला टोक भिडवून घट्ट चिकटवले, मध्ये फट म्हणून ठेवली नाही. फट दिसायला वाईट ना! मे महिन्यात खोली बंद असायची, दुपारी भट्टी. एका शनिवारी दार उघडलं तर खिडकीजवळच्या सरळ रुळाने बाजूला पोट काढलेलं. तीन मीटरच्या रुळाला दहा-बारा अंशांच्या फरकाने फार तर अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढायचं असतं. पण ती वाढ टोकाला मिळाली नाही की ती एका जागी बाजूला फुटते, आणि तिथे ती अर्ध्या मिलिमीटरची राहत नाही, चांगली बोटभर दिसते. खऱ्या रेल्वेत यासाठीच उन्हाळ्यात भर दुपारी माणसं रुळांवरून गस्त घालत फिरतात. वेल्ड करून सलग केलेले लांबच लांब रूळ वाढू बघतात, त्यांना स्लीपर आणि खडी दाबून धरते. खडी ही फक्त दिसायला नसते हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी तिला सजावट समजत होतो.

उरलंसुरलं जुलैने केलं. प्लायच्या कडा ओलाव्याने उचलल्या, एका कोपऱ्यात दोन रुळांची उंची वेगळी झाली आणि चाकं उतरायला लागली. ऑगस्टमध्ये मी सगळे रूळ उपटले. म्हणजे अक्षरशः पत्र्याच्या उलथन्याने उचकटले. आईचं उलथनं होतं, ती अजून विचारते कुठे गेलं म्हणून.

दुसऱ्या खेपेला सुतारकाकांना बोलावलं. त्यांना वाटलं लॉफ्टचं काम आहे. नकाशा दाखवला तर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, गाडी पळवायची ना? मग मरीनच घ्या. आणि कापल्यावर कडांना पण रंग मारा. लोक वरून मारतात, पाणी कडेने शिरतं." कुठल्याही पुस्तकात मला हे वाक्य सापडलं नव्हतं. बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय, सगळ्या कडा आणि खालची बाजू ऑइल पेंटने बंद, आणि दर तीन फुटी रुळाच्या जोडात पत्ता सरकेल एवढी फट. दोन पावसाळे काढले, एकही जोड हललेला नाही.

याच टप्प्यावर मी घाटाचं स्वप्न सोडलं. खरं तर मला कसारा करायचा होता. लहानपणी नाशिकला जाताना मागून बँकर इंजिन लागायचं त्याचा थरार वेगळाच. पण आकडे बघा. भोर घाट काय किंवा थळ घाट काय, चढ १:३७. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एचओमध्ये प्लायची जाडी धरून साडेआठ सेंटिमीटर उंची हवी. १:३७ ने तेवढं चढायला तीन मीटरहून जास्त सरळ मार्ग लागतो, म्हणजे माझी एक अख्खी भिंत. उतरायला दुसरी भिंत. मग स्टेशन कुठे, छतावर? १८६३ मध्ये भोर घाट सुरू झाला तेव्हा तिथेही चढायला जागा पुरत नव्हती, म्हणून गाडी एका टोकाला नेऊन उलट दिशेने वर काढायचे. ते उलट फिरण्याचं स्टेशन १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर गेलं. माझ्या खोलीत तोही उपाय नाही. लोक तरीही करतात, १:२० चे चढ ठेवतात आणि दोन डब्यांची गाडी धापा टाकत चढवतात. माझ्या मते ते माथेरान म्हणून केलं असेल तर उत्तम, मेन लाइन म्हणून केलं असेल तर फसवणूक. माझी लाइन सपाट आहे.

वळणांच्या बाबतीत मात्र सगळेच फसवतात, मीही. कोकण रेल्वेवर कमीत कमी त्रिज्या १२५० मीटर. सत्त्याऐंशीने भागा, १४ मीटरच्या वर जाते. असं अर्धवर्तुळ घ्यायला मला शेजारच्या दोन्ही फ्लॅटच्या भिंती तोडून वर रस्त्यावर जावं लागेल. (पुनर्विकासात मागून बघायला हरकत नाही.) माझं ६० सेंटिमीटरचं वळण खऱ्यात मोजलं तर ५२ मीटर होतं. यार्डातसुद्धा कुणी लोकल एवढ्या वळणावर घालणार नाही. यावर उतारा एकच. सरळ मार्गातून वळणात एकदम शिरायचं नाही, आधी फूटभर हळूहळू वाकत जायचं. लांबट फूटपट्टी एका टोकाला धरून वाकवली की जी रेघ मिळते तीच आखायची. जागा जास्त खात नाही, पण डबा झोका न घेता वळणात सरकतो आणि डोळ्यांना ते वळण आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. तयार वाकवलेल्या रुळांच्या तुकड्यांनी हे जमत नाही. म्हणून माझा सल्ला, तयार तुकड्यांचे सेट दिवाळीत जमिनीवर खेळायला ठेवा. मेन लाइनला तीन फुटी वाकणारे रूळच घ्या.

आणि हो, गेज. हा आमच्या पंथातला धर्मयुद्धाचा विषय. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर, तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे १९.३ मिलिमीटर हवं. कर्मठ लोक हाताने एकेक स्लीपर मांडून तसे रूळ बांधतात. मी त्यांच्यापुढे हात जोडतो आणि १६.५ वापरतो. तीन मिलिमीटरचं खोटं मला पचतं. मार्गांमधलं अंतर, फटी, उंची, यातलं खोटं गाडीला पचत नाही. फरक हा आहे.

३१ मे ते २ जून २०२४ आठवतोय? ठाण्याचा ६३ तासांचा मेगाब्लॉक. ५-६ नंबरचा फलाट रुंद करायचा होता, त्यासाठी रूळ सरकवायचे होते. ऑफिसच्या ग्रुपवर नुसता शिमगा. मुलुंडकर म्हणून मीही दोन ओळी टाकल्या असतीलच. घरून काम होतं, शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केला आणि रविवार दुपारपर्यंत मी माझ्याकडची दोन वळणं टाकली. दोन! प्रत्येक तीन फुटी रुळाला स्वतःच्या दोन वायरी सोल्डर करायच्या, त्या प्लायमधून खाली नेऊन जाड वायरला जोडायच्या. जोडावरच्या पट्ट्यांमधून वीज जाते असं म्हणतात, पण मुंबईच्या हवेत वर्षभराने ती किती जाईल यावर मी पैज लावणार नाही. आरसा ठेवून रूळ लांबवर बघायचा, बोट फिरवायचं, नखाला अडलं तर कानस. टीव्हीवर बातमी चालू होती, नारंगी जॅकेटमधली माणसं पहारी लावून रूळ सरकवताहेत. आधी मी अशा बातमीत फक्त "गाड्या कधी सुरू" एवढंच ऐकायचो. त्या दिवशी मात्र म्हटलं, ६३ तास कमीच आहेत की! अर्थात फलाटावर तासभर चेंगरून उभा असतो तर हे सुचलं नसतं, हेही खरं.

आपल्या धंद्यातही हेच चालतं ना. डेमो शुक्रवारी असतो, म्हणून आधी स्क्रीन रंगवायची. खालचं काम "पुढच्या रिलीजमध्ये". पुढच्या रिलीजमध्ये पुन्हा डेमो असतो. मी स्वतः असं काम दिलंय आणि रात्री दोनला उठून निस्तरलंय, त्यामुळे फार बोलत नाही. फक्त एवढंच, घरच्या रेल्वेला कुणी क्लायंट नाही, कुणी तारीख दिलेली नाही. तिथेही आपण आधी दिवे लावत बसलो तर मग घाई आपल्या रक्तातच आहे असं म्हणायचं.

असो. बाबांच्या प्रश्नाकडे येतो.

बिल्डिंग पाडणार हे गेली पाच-सहा वर्षं नुसतं ऐकत होतो, पण ऑगस्टमध्ये सगळं उपटल्यावर मी एक शहाणपणा केला. नवीन फळी सलग केली नाही. चार-चार फुटांचे नऊ तुकडे, एकमेकांना बोल्टने जोडलेले. आमच्या जिन्याच्या वळणातून चार फुटांपेक्षा लांब काही उतरत नाही, कपाटाच्या वेळी मोजलंय. प्रत्येक तुकड्याच्या कडेला प्लायमध्ये पितळी स्क्रू बसवून त्यावर रूळ सोल्डर केलाय. आधी रूळ सलग टाकायचा, सोल्डर करायचा आणि मग बरोबर फटीवर बारीक चकतीने कापायचा. पहिल्यांदा कापताना हात थरथरला. महिनाभर जपून टाकलेला रूळ आपल्याच हाताने कापायचा! पण आता बोल्ट काढले की नऊ फळ्या सुट्या होतात. एक टेम्पो, दोन खेपा. भाड्याच्या घरात त्या पलंगाखाली राहतील आणि नवीन घरात जिथे भिंत मिळेल तिथे पुन्हा जुळतील. नऊ नाही तर सहा जुळतील. मेन लाइन चांगली असेल तर तुकड्यातही ती मेन लाइनच राहते. डोंगर, बोगदे, स्टेशनं आधी केली असती तर ती मात्र डेब्रिजबरोबर गेली असती.

हे सगळं मी रविवारी सकाळी चहा पिताना बाबांना सांगितलं. ते चौतीस वर्षं मुलुंड ते व्हीटी गेले, बँकेत होते. (सीएसएमटी म्हणत नाहीत, म्हणणारही नाहीत.) त्यांनी ऐकून घेतलं. मग आत येऊन फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चालवून दाखव तरी."

मी खोक्यातून गाडी काढली. तीनच डबे, बारा डब्यांची लोकल केली तर ती तीन मीटर होते, एका भिंतीवर स्टेशनच संपतं. ताशी साठच्या हिशोबाने सोडली. एक फेरी साधारण साडेदहा मीटरची, मिनिटाला थोडी कमी. तीन फेऱ्या म्हणजे जेमतेम मुलुंड ते ठाणे. वळणं, जोड, फळ्यांच्या फटी, सगळीकडून गाडी लोण्यासारखी गेली. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होतो.

"आवाज नाही," बाबा म्हणाले.

"तेच तर! दोन वर्षं त्याच्यासाठीच—"

"अरे पण गाडी म्हटली की खडक-खडक, खडक-खडक व्हायला नको? आमच्या वेळेला डोळे मिटून बसलं तरी कळायचं किती जोरात चाललीय ते."

मी त्यांना वेल्ड केलेल्या रुळांबद्दल सांगायला लागलो. जुने रूळ १३ मीटरचे, दर १३ मीटरला जोड, म्हणून तो आवाज. आता जोडच नाहीत, म्हणून नाही. १:८७ मध्ये १३ मीटर म्हणजे १५ सेंटिमीटर, असंही ओघात बोलून गेलो. बाबा "हं" म्हणाले आणि पेपर वाचायला गेले. विषय संपला असं मला वाटलं.

गुरुवारी रात्री ऑफिसातून आलो तर खिडकीजवळच्या डाऊन मार्गावर, सरळ भागात, रुळांच्या माथ्यावर बारीक खाचा. मोजपट्टी लावली. बरोबर पंधरा सेंटिमीटरवर एक, दोन्ही रुळांना समोरासमोर, एकूण चौदा जोड. माझी बारीक करवत जागेवर ठेवलेली, लोखंडाचा कीस ब्रशने गोळा करून कागदावर. (लोखंड नाही, निकेल सिल्व्हर, पण त्यांना कोण सांगणार.) मी आधी भडकलोच. मग गाडी ठेवली आणि सोडली. उतरली नाही. अप मार्गावरून लोण्यासारखी, आणि डाऊनला खिडकीजवळ आली की टिक-टिक, टिक-टिक, टिक-टिक.

आतून बाबांचा आवाज आला, "जरा हळू सोड. कांजूरला कधी एवढी जोरात नसायची."